मंदा सोशिक नव्हती

मंदाला पोचवून अमरधामहून परतले, अंघोळ केली, ओले केस टॉवेलात गुंडाळते आहे तोवर दारावरची बेल वाजली. दारात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. चेहरा पाडलेला, हात जोडलेले. "ताई, फार वाईट झालं. सोसायटीचा आधार गेला." मी आत या म्हटलं नव्हतं, तरी ते आत आले, बसले, पाणी प्यायले आणि ग्लास खाली ठेवता ठेवता म्हणाले, "आता बाईच राहिल्या नाहीत. तेव्हा ते अश्विनीचं प्रकरणसुद्धा... म्हणजे केस मागे घेतली तर सगळ्यांनाच बरं. मायलेकी तुमचं ऐकतात. जरा समजवा ना." मंदाच्या चितेचा जाळ अजून विझलासुद्धा नसेल. मी त्यांना फक्त "उठा" म्हटलं. त्याहून एक शब्द जास्त बोलले असते तर सगळ्या मजल्याला भांडण ऐकावं लागलं असतं, आणि तो दिवस भांडणाचा नव्हता. आता बरेच आठवडे गेलेत. आता मला कुणाची भीड नाही.

मंदा आणि मी एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायचे, ती खेळ. पेठकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची पोर; वसतिगृहात राहून शिकली, कबड्डीत नाव काढलं आणि त्याच जोरावर नाशकात नोकरीला लागली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी खोदून विचारलं तर म्हणायची, "माझी पकड करणारा कुणी भेटलाच नाय." अंगानं बुटकी, पायात कायम कॅनव्हासचे बूट, साडीवरसुद्धा. स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्या तिला हसायचो आणि अडचण आली की तिलाच हाक मारायचो. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर मोटारसायकली लावून टगे उभे राहायचे. मुलींच्या तक्रारी वाढल्या तेव्हा शाळेनं बैठक घेतली आणि असं ठरलं की मुलींना दहा मिनिटं आधी सोडायचं आणि त्यांनी ओढणीला दोन्हीकडून पिना लावायच्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मंदा उठून म्हणाली, "म्हंजे शिकणं बुडवायचं पोरींचं, आन ते बाहेरचे खुशाल?" मुख्याध्यापक म्हणाले, बाई, जरा व्यवहार बघा. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मंदा मुलींचा कबड्डीचा संघ घेऊन फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. कुणाला शिवी नाही, कुणावर हात नाही, नुसत्या उभ्या. त्यानंतर बरेच दिवस त्या गाड्या पलीकडच्या रस्त्यानं जात होत्या. मंदाला व्यवहार कळत नव्हता असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघी पाथर्डी फाट्याजवळच्या ह्याच सोसायटीत राहायला आलो, ती वर, मी दोन मजले खाली. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये तिनं बायकांचा वर्ग सुरू केला. कराटे वगैरे काही नाही. "ते पांढरे कपडे घालून भाजी आणायला कोण जातं?" तिचा दंडकच होता की ज्या कपड्यांत बाजारात जाता, कामाला जाता, त्याच कपड्यांत यायचं. त्यामुळे कुणी साडीत, कुणी पंजाबी ड्रेसमध्ये, अंबडच्या कंपनीतली एक तर रात्रपाळीहून थेट युनिफॉर्मवर, खांद्याला डब्याची पिशवी. आणि शिकवायची काय, तर कबड्डी. मधोमध एका बाईला उभं करायचं. बाकीच्या चौघींनी तिला धरायचं, दंडाला, मनगटाला, कमरेला, आणि तिनं त्यातून सुटून भिंतीला हात लावायचा. अट एकच. धरल्या क्षणापासून तोंडानं "सोड, सोड, सोड" चालू पाहिजे, मोठ्यानं. आवाज बंद पडला की बाद, मग अंगात कितीही जोर असो. कबड्डीत दम तुटला की चढाई वाया जाते, तसंच. "जोर काय, पुरुषात जास्तच असतो," ती म्हणायची. "आवाज मातर आपला आपल्याकडं असतो. तो आपणच टाकून देतो."

पहिल्या रविवारी मी जे पाहिलं ते मी विसरणार नाही. मुलांना हाका मारताना सगळी गल्ली डोक्यावर घेणारी बाई, मनगट धरलं की मुकी! एक खी खी हसायला लागली. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. एक तर हळूच म्हणाली, "अहो, सोडा ना..." धरणाऱ्या आम्ही, तिच्याच शेजारणी, आणि तिच्या तोंडून निघालं ते असं आर्जव. माझ्याही तोंडून आवाज निघाला नव्हता हेही सांगून टाकते. मंदा कुणावर रागावली नाही. "तुमचा दोष नाय," म्हणाली. "पोरगी जरा मोठ्यानं हसली तरी घरातली चार माणसं वळून बघतात. हात सोडवणं मी तुम्हाला दोन-चार महिन्यांत शिकवीन. आवाज सोडवायला लय वेळ लागतो." आणि लागलाच. पण हळूहळू रविवारी सकाळी हॉलमधून असा काही गलका उठायला लागला की खालच्या दुकानदारानं एकदा वर येऊन विचारलं, कुणाचं लग्न मोडलं का म्हणून.

तिचे सत्कार खूप झाले. महिला दिन आला की शाल, नारळ आणि रणरागिणी असं छापलेलं स्मृतिचिन्ह. ह्या रणरागिणी शब्दाचा तिला भयंकर राग. एका कार्यक्रमात पाहुण्यांनी मुलींना तासभर उपदेश केला. उशिरा बाहेर पडू नका, फोन चार्ज ठेवा, पर्समध्ये मिरचीपूड ठेवा, कपडे असे घाला की कुणाची नजर जाणार नाही. टाळ्या पडल्या. मग सत्कारमूर्ती म्हणून मंदाच्या हातात माईक आला. "बायकांनी काय करायचं ते पाहुण्यांनी लय छान सांगितलं. पुढल्या वर्षी असाच हॉल भरून पुरुष बोलवा. त्यांनी काय करायचं नाय, ते मी सांगते." पुढल्या वर्षी त्या मंडळानं तिला बोलावलं नाही, पुरुषांनाही बोलावलं नाही. पाहुणे तेच होते.

आता अश्विनीचं सांगते. ती आमच्याच बिल्डिंगमधली, फार्मसी शिकून एका औषधांच्या दुकानात कामाला लागलेली मुलगी. वडील मनमाडला रेल्वेत, सुट्टीला येतात; घरी आई लता आणि ही. अश्विनी मंदाच्या वर्गाला सुरुवातीपासून यायची. आणि दुसरे ते काका. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण कोर्टात आहे आणि संपादकांनी नको म्हटलं आहे; माझी स्वतःची काही हरकत नव्हती. सगळी बिल्डिंग त्यांना काका म्हणते. गणपतीत आरतीचं तबक त्यांच्या हातात, कुणाकडे कार्य असलं की पंगतीत वाढायला ते पुढे. मुलींना 'बेटा' म्हणायची सवय आणि बेटा म्हणताना पाठीवर हात ठेवायची त्याहून जुनी सवय. ती सवय बिल्डिंगमधल्या एकूण एक बाईला ठाऊक होती. लिफ्टमध्ये ते असले की आम्ही "अगंबाई, किल्ली विसरले वाटतं" म्हणून माघारी फिरायचो आणि ह्याला शहाणपण म्हणायचो. एका दुपारी वीज गेली, लिफ्ट बंद होती. अश्विनी जिन्यानं चढत होती आणि काका उतरत होते. "थांब बेटा, अंधार आहे, पडशील," म्हणाले आणि ती पुढे जाताच मागून तिच्या कमरेला विळखा घातला.

आणि अश्विनीचा आवाज गेला नाही! "सोड, सोड, सोड"... जिना दुमदुमला. मंदा अनवाणी धावत खाली आली. तिनं डोळ्यांनी पाहिलं, काकांचा एक हात अश्विनीच्या कमरेला आणि दुसऱ्या हाताचं बोट अश्विनीच्या मुठीत. ते बोट मोडलं. मी पोचले तेव्हा काका पायरीवर बसून कण्हत होते आणि अश्विनी भिंतीला हात टेकून उभी होती, तोंडानं अजून पुटपुटत... मंदानं तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "पोचलीस. आता बस कर, पोचलीस तू."

तीन दिवसांत सोसायटीची बैठक. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, चहा झाला. काका पुढच्या रांगेत, बोटाला प्लास्टर, ते सगळ्यांना नीट दिसेल असं मांडीवर ठेवलेलं. येणारा जाणारा विचारायचा, फार दुखतंय का काका. अश्विनीला कुणी काही विचारलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "हे बघ बेटा, ते तुझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं, अंधारात चुकून हात लागला असेल. तू पण घाबरलीस, तुझीही चूक नाही. पण शेवटी वडीलधारं माणूस आहे, इजा झालीय. तू पाया पड, ते आशीर्वाद देतील, विषय संपला." आपल्याकडे कसं सगळं पायाशी नेऊन संपवता येतं बघा! भांडण झालं, पाया पड. हुंडा कमी पडला, पाया पड. हात टाकला त्यानं, पाया पडायचं हिनं. आणि तिथं बसलेल्या कुणालाच ते विचित्र वाटलं नाही. बायकासुद्धा "हो, मिटवून टाका" म्हणत होत्या. लता लेकीला कोपरानं ढोसत होती, "पड गं पाया, पड." अश्विनी खुर्चीतून उठली, दोन पावलं गेली आणि वाकायला लागली.

"सरळ उभी ऱ्हा!" मंदाचा तो मैदानावरचा आवाज. अश्विनी जागच्या जागी ताठ झाली. मंदा पुढे आली आणि सेक्रेटरींना म्हणाली, "तिनं पाया कशाबद्दल पडायचं? एकच बोट मोडलं म्हणून?" मग काकांकडे वळली. "आन आशीर्वाद कोणत्या हातानं देणार? त्याच का?" कुणीतरी म्हणालं, बाई, तुम्ही शिक्षिका, तुम्हाला शोभत नाही हे. मंदा म्हणाली, "मला काय शोभतं ते मी बघते. ह्यांना काय शोभतं ते कोणी बघायचं?" दुसऱ्या दिवशी ती अश्विनीला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. तिथं सकाळपासून दुपारपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवलं, मधूनमधून "आपसात मिटत असेल तर बघा" असं सुचवून झालं. मंदानं पिशवीतून पोळी-भाजीचा डबा काढला, दोघी तिथंच जेवल्या. "आमच्याकडं वेळ लय हाय," असं तिनं सांगितलं. शेवटी तक्रार लिहून घेतली, आणि प्रत्यक्ष पाहणारी साक्षीदार म्हणून मंदाचं नाव लागलं.

ह्याची शिक्षा काय, तर हॉलला कुलूप. हॉल मंगल कार्यांसाठी आहे, आरडाओरडीनं ज्येष्ठांना त्रास होतो, असा ठराव झाला. मंदानं वर्ग खाली पार्किंगमध्ये आणला. तिच्या स्कूटीची जागा तिच्या मालकीची होती, तिथून तिला कोण हलवणार? पार्किंगमधला आवाज डक्टमधून थेट प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात जायचा. ज्यांना हॉलमधला आवाज नकोसा झाला होता, त्यांना तो आता चहाबरोबर मिळायला लागला. मंदाला ह्याची फार मौज वाटायची.

ती गेली तेव्हा सकाळची वेळ होती. फिरून आली होती, चहा टाकला होता, मला फोन केला, "ये वर, आलं टाकलंय." मी गेले तर दार उघडं, गॅस चालू आणि मंदा ओट्याशी बसलेली... डॉक्टरांनी हृदयाचं आधीच सांगितलेलं होतं, शाळेत होती तेव्हापासून गोळ्या चालू होत्या. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये दुसरंच कारण फिरायला लागलं, की त्या पोरीच्या केसचं टेन्शन घेतलं म्हणून बाई गेल्या. म्हणजे ज्यानं हात टाकला तो नामानिराळा आणि जिनं तो सोडवला ती मारेकरी! हे ज्यांनी पसरवलं त्यांना मी ओळखते आणि तेही हा लेख वाचतील.

शोकसभेसाठी हॉलचं कुलूप मात्र लगेच निघालं. भिंतीवर मोठा फ्लेक्स, मंदाचा कुठल्यातरी जुन्या ओळखपत्रावरचा फोटो आणि खाली 'शांत, सोशिक, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व'. मी वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई मेली की तिला सोशिक म्हणायचं, एवढं एकच विशेषण आपल्याकडे तयार असतं का? मग काका उठले. मोठा हार आणला होता. तो फोटोला घातला, डोळे पुसले आणि म्हणाले, "बाई मला बहिणीसारख्या होत्या. शेवटी शेवटी काही लोकांनी त्यांना भरीस घातलं, त्याचा मनस्ताप झाला. पण माझ्या मनात कुणाबद्दल राग नाही." अश्विनी मागच्या भिंतीशी उभी होती. तिची मान खाली गेली ती वर आलीच नाही. मी बोलायला उठले. भाषण मी लिहून नेलं होतं, ते राहिलं बाजूला. मी म्हटलं, "मंदा सोशिक असती तर ह्या हॉलला कुलूप लागलं नसतं. तिनं एक गोष्ट सोसली नाही आणि ती ज्यांच्यामुळे, ते आत्ताच हार घालून बसले आहेत." मग मी तो हार काढला आणि खुर्चीवर ठेवला. बरेच जण उठून गेले. जाऊ देत. आमच्या वर्गातल्या बायका बसून राहिल्या.

पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्या दिवशी. मायलेकी माझ्याकडे आल्या. अश्विनीनं विचारलं, "मॅडम, बाई माझ्यामुळे गेल्या का हो?" मी तिला मंदाच्या गोळ्यांची पाकिटं दाखवली, डॉक्टरांचे कागद दाखवले. ती हो हो म्हणाली, पण तिला पटलं नाही हे मला दिसत होतं. लता म्हणाली, "बाई होत्या तोवर धीर होता. आता प्रत्यक्ष पाहिलेलं, साक्ष देणारं कुणी राहिलं नाही. मुलीचं लग्न व्हायचंय, एक स्थळ तर बिल्डिंगमध्ये चौकशी करून परत गेलं. येत्या तारखेला मिटलं म्हणून सांगून टाकतो." जिन्यात जिचा आवाज तुटला नव्हता ती माझ्या सोफ्यावर गप्प बसून राहिली. मला इतका संताप आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. लतावर तरी कसा काढू? एकटी बाई, चारी बाजूंनी लोक तिला शहाणपण शिकवत होते.

परवाच्या रविवारी मी पार्किंगमध्ये गेले. शिकवणारी नव्हती तरी बायका आपोआप जमल्या होत्या, मंदाच्या स्कूटीभोवती. काय करावं कुणाला सुचत नव्हतं. तेवढ्यात दुधाची पिशवी हातात घेऊन लता आली. म्हणाली, "अश्विनी येणार नाही, सांगायला आले." आणि तिथंच घुटमळली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी जिन्यात तिला नेमकं कसं धरलं होतं? मला कुणी सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही." मंदानं मला ते सगळं सांगितलेलं होतं. मी म्हटलं, "दाखवू?" तिनं पिशवी खाली ठेवली. मी तिच्या मागे गेले आणि काकांनी घातला होता तसा कमरेला विळखा घातला, घट्ट. दुसऱ्या दोघींनी दंड धरले. लता ताठरली. तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, झालं, ही आता रडणार.

लता सटाण्याकडची. घरात अहिराणी, पण आमच्या सोसायटीत इतकी वर्षं ती जपून, तोलून शुद्ध मराठी बोलायची. कुणी हसू नये म्हणून लेकीलाही बाहेर अहिराणी बोलू द्यायची नाही. त्या सकाळी तिच्या तोंडून 'सोड' निघालंच नाही. निघालं ते असं, "मन्ही पोरले हात लावस का रे? मन्ही पोरले?" पहिल्यांदा घोगरं, मग मोठं, मग इतकं मोठं की डक्टमधून वरच्या खिडक्या धडाधड उघडल्या. पुन्हा पुन्हा तेच. सेक्रेटरी गॅलरीत येऊन ओरडले, "अहो, काय चाललंय खाली?" कुणीही वर पाहिलं नाही. लतानं आम्हा तिघींना ओढत, फरफटत भिंतीपर्यंत नेलं.

मग ती धापा टाकत उभी राहिली. पदर सावरला. मला विचारलं, "केसनी तारीख कव्हय शे?" मी तारीख सांगितली.

"मी येसू. पोरले बी संगे लयसू," म्हणाली. तिनं दुधाची पिशवी उचलली. लिफ्ट समोरच थांबलेली होती, पण ती जिन्यानं वर गेली.